ऱ्हाईनकाठचे किल्ले पायी बघायचे तर

वाटसरू_माइन्झ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून माझ्याकडे जर्मनीत माइन्झला आले होते. बाबा निवृत्त झाले तरी पावसाळा सरला की एक तरी गड चढल्याशिवाय राहत नाहीत. चार वर्षांपूर्वी ते एका सहल कंपनीबरोबर युरोपला येऊन गेले होते. त्यात 'ऱ्हाईन क्रूझ' होती. बोप्पार्डला बोटीत बसायचं, सांक्ट गोआरला उतरायचं, वरच्या डेकवरून फोटो काढायचे. "किल्ले दिसले रे, पण पायाखाली एकही आला नाही," ही त्यांची तेव्हापासूनची रुखरुख. म्हणून या वेळी पाच दिवस फक्त या खोऱ्यासाठी ठेवले. घरी येऊन लिहून काढावं असं तेव्हाच ठरवलं होतं, आज मुहूर्त लागला.

बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंतचा हा ऱ्हाईनचा पट्टा ६५ किलोमीटरचा. २००२ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. एवढ्याशा अंतरात चाळीसेक किल्ले आणि गढ्या आहेत. इतके का, हा बाबांचा पहिला प्रश्न. उत्तर एका शब्दात सांगता येतं: जकात. आल्प्सकडून उत्तर समुद्राकडे जाणारा माल नदीतून जायचा आणि इथे दोन्ही बाजूंनी डोंगर इतके जवळ येतात की बोटीला दुसरी वाटच नाही. ज्याच्या ताब्यात काठावरचा सुळका, तो बोट थांबवणार आणि पैसे घेणार. माइन्झ, ट्रीअर आणि कोलोनचे आर्चबिशप, फाल्त्सचा राजपुरुष, कात्सेनएल्नबोगेनचे सरदार, या सगळ्यांच्या हद्दी इथे एकमेकांत घुसलेल्या. मी हे सांगत होतो तेव्हा बाबा मध्येच म्हणाले, "म्हणजे नाणेघाट." तिथला दगडी रांजण ज्यांनी पाहिलाय त्यांना या खोऱ्याचं गणित लगेच कळेल. तिथे घाट अडवायचा, इथे नदी.

पहिल्या दिवशी ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग केला. मुद्दाम पहिला. या पट्ट्यातला डोंगरावरचा हा एकच किल्ला कधी पाडला गेला नाही. बाकीचे एक तर पडलेत किंवा पडून पुन्हा उभे राहिलेत. धडधाकट किल्ला आधी डोळ्यांखालून गेला की पुढे पडक्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर काय गेलंय ते दिसतं. गावातून वीस-पंचवीस मिनिटांची चढण आहे. आत फक्त वाटाड्याबरोबर सोडतात. दरवाज्यातून आत गेलं की खडकातच खोदलेल्या ओबडधोबड पायऱ्या लागतात, घोडे वर नेता यावेत म्हणून रुंद आणि बुटक्या. बाबा तिथे थांबले. वाटाडी मुलगी पुढे निघून गेली तरी हे वाकून पायरीची कड चाचपत होते. पाटीच्या दगडाचे पापुद्रे हाताला लागतात, आपल्या काळ्या कातळासारखं ते घट्ट नाही. "टिकाव मारला की पान निघतं याचं," म्हणाले.

आतला स्वयंपाकघराचा चुल्हाणा एवढा मोठा आहे की आई त्यात उभी राहिली तरी डोक्यावर जागा उरली. दालनाच्या भिंतीतून बाहेर काढलेला शौचकूप पाहून बाबांना रायगडाची आठवण झाली. बुरूज, जंग्या, देवड्या, खंदक, हे शब्द ते न थांबता वापरत होते आणि एकदाही अडले नाहीत.

दुसरा पूर्ण दिवस ऱ्हाइनफेल्सला दिला. या धाग्यात मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय: एकाच किल्ल्याला वेळ असेल तर सांक्ट गोआरच्या वरचा हा पडका किल्ला निवडा, रंगवलेला, पडदे लावलेला नको. १२४५ साली कात्सेनएल्नबोगेनच्या डीटर सरदाराने तो जकातीसाठी बांधला. जकात वाढली तशी ऱ्हाईनवरच्या शहरांनी एकजूट केली आणि १२५५-५६ मध्ये वर्षाहून जास्त काळ वेढा घातला. किल्ला पडला नाही. पुढे तो हेसेनच्या राजघराण्याकडे गेला. १६९२ मध्ये फ्रेंचांनी २८ हजारांच्या फौजेनिशी पुन्हा प्रयत्न केला, तरी पडला नाही. आणि १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीचं सैन्य आलं तेव्हा न लढताच सोडून दिला! दोन-तीन वर्षांत त्यांनी तो सुरुंगाने उडवला. पुढे त्याचेच दगड कोब्लेन्झच्या एरेनब्राइटश्टाइन किल्ल्याच्या बांधकामाला गेले.

तिथे खंदकाच्या बाहेर जमिनीखाली सुरुंगवाटा आहेत. शत्रू वर चढून आला की त्याच्या पायाखालची जमीन उडवायची, ही योजना. काही वाटा इतक्या बुटक्या की ओणवं होऊन जावं लागतं. आत मिट्ट काळोख. बाबा पुढे, मी मागे, माझ्या हातात विजेरी. एका वळणावर भिंतीला ओल होती आणि गार हवेचा झोत आला. बाबा म्हणाले, "विजेरी बंद कर जरा." केली. बहुधा मिनिटभर आम्ही दोघं त्या काळोखात काही न बोलता उभे होतो. बोटीतून यातलं काय कळणार?

तिसऱ्या दिवशी काउब. नदीच्या मधोमध बेटावर फाल्त्सग्राफेनश्टाइन आहे, पांढरा, टोकदार, नांगरलेल्या गलबतासारखा. बव्हेरियाच्या लुडविगने तो १३२७च्या सुमाराला बांधायला घेतला, तोही जकातीसाठीच. काठावरून छोटी होडी सोडते. प्रवाह येतो त्या दिशेला त्याचं टोक आहे, बर्फाचे तुकडे आणि पूर फुटून बाजूला जावेत म्हणून. तटाच्या आतून फिरणाऱ्या लाकडी सज्जातून खाली पाणी बघितलं की ते केवढं जोरात धावतंय ते समजतं. जकात इथे १८६०च्या दशकापर्यंत चालू होती. १८६८च्या मानहाइम कराराने ऱ्हाईनवरची वाहतूक मोकळी झाली.

तुमचे अनुभव लिहा. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

कातळकडा

सुंदर लिहिलंय. जंग्या आणि देवड्या वाचून एकदम घरचं वाटलं. एक प्रश्न. मी फोटोंत बघतो ते मनोरे, कोनदार छपरं, झेंडे लावलेल्या गच्च्या, हे सगळं खरं जुनं आहे का? आमचा एक मित्र म्हणतो की हे सगळं शे-दीडशे वर्षांपूर्वीचं सोंग आहे.

वाटसरू_माइन्झ

@कातळकडा, सोंग म्हणणं अन्यायाचं होईल, पण तुमच्या मित्राच्या बोलण्यात तथ्य आहे. १८१५ नंतर हा भाग प्रशियाकडे आला आणि राजघराण्यातल्या लोकांना पडक्या किल्ल्यांचं वेड लागलं. राजपुत्र फ्रीडरिशने ऱ्हाइनश्टाइन १८२३ मध्ये विकत घेतला आणि १८२९ पर्यंत राहण्याजोगा केला. त्याच सुमाराला कोब्लेन्झ शहराने श्टोल्त्सेनफेल्सचे अवशेष युवराजाला भेट दिले, १८४० च्या दशकात तिथे पिवळसर रंगाचा राजवाडा उभा राहिला. झोनेकही राजघराण्यानेच बांधून काढला. पायातले दगड मध्ययुगातले आणि डोळ्यांना दिसतं त्यातलं बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं. मांजर आणि उंदीर अशी नावं पडलेल्या किल्ल्यांच्या जोडीतला मांजर, म्हणजे बुर्ग कात्स, तोही १८०६ ला उडवलेला आणि १८९०च्या दशकात पुन्हा बांधलेला. तो खासगी आहे, आत जाता येत नाही.

निशिगंधा

मी फ्रँकफुर्टला असते, आमचा शनिवार-रविवार बऱ्याचदा याच खोऱ्यात जातो. बाखराखचा उल्लेख राहिला म्हणून लिहिते.

गावातून वर श्टालेकच्या वाटेवर वेर्नर चॅपलचे अवशेष लागतात. छप्पर नाही, काचा नाहीत, लाल वालुकाश्माच्या उंच खिडक्यांच्या नुसत्या चौकटी उभ्या आहेत आणि त्यांतून पलीकडचे द्राक्षमळे दिसतात. लोक तिथे लग्नाचे फोटो काढतात. मीही पहिल्यांदा तशीच हरखून गेले होते. मग पाटी वाचली. १२८७ मध्ये वेर्नर नावाचा मुलगा मेलेला सापडला आणि ज्यूंनीच त्याला मारलं अशी आवई उठली. त्या आवईवरून ऱ्हाईनकाठच्या गावोगावी ज्यूंच्या कत्तली झाल्या. आणि मुलाला हुतात्मा मानून हे चॅपल बांधलं गेलं. त्याच्या नावाचा सण धर्मप्रांताच्या पंचांगातून काढायला १९६३ साल उजाडावं लागलं.

मी आता पाहुण्यांना नेते तेव्हा आधी ही गोष्ट सांगते, मग फोटो काढू देते. दगड देखणे आहेत म्हणून त्यांच्यामागचं रक्त झाकलं जाऊ नये असं मला फार वाटतं.

वर श्टालेक किल्ल्यात युवा वसतिगृह आहे. आम्ही मुलांना घेऊन एक रात्र राहिलो. पहाटे अंगणातून खाली धुकं आणि त्यातून जाणाऱ्या मालवाहू बोटींचे दिवे. मुलं अजून त्या रात्रीबद्दल बोलतात. झोप सावध असेल तर कानात बोळे घालायला न्या, दोन्ही काठांनी रात्रभर मालगाड्या धावतात.

दिंडीदरवाजा

निशिगंधाताई, पाटी वाचून सांगितलीत हे फार चांगलं केलंत.

मी मागच्या वर्षी कामानिमित्त कोब्लेन्झला आठवडाभर होतो. प्रत्येक किल्ल्याच्या माहितीफलकावर एकच साल पुन्हा पुन्हा येत होतं: १६८९. श्टालेक १६८९, ओबरवेजेलचा श्योनबुर्ग १६८९, एरेनफेल्स १६८९, श्टोल्त्सेनफेल्स १६८९. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी फाल्त्सचा मुलूख जाळला ते हे वर्ष. श्पायर आणि वोर्म्स ही शहरंसुद्धा त्याच वर्षी बेचिराख झाली.

मी तिथे बाकावर बसून राहिलो. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराज गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड झुल्फिकारखानाच्या हाती पडला. राजाराम महाराज जिंजीच्या वाटेवर. दोन मुलुखांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे मला कळतं. तरी त्या फलकासमोर मराठी माणसाला जे वाटतं ते बाजूच्या पर्यटकाला वाटणार नाही. आपल्याकडे दुसरा घाव १८१८ चा. त्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग लागली आणि वाडे जळाले. इथे दुसरा घाव १७९४ नंतरचा. पडझडीचेसुद्धा असे थर असतात.

बोरू

धागा छान. पण मला एका मुद्द्यावर वेगळं वाटतं. धागाकर्ते म्हणतात पडका बघा, रंगवलेला नको. मी आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन गेलो होतो. ऱ्हाइनफेल्सवर मोठ्या मुलाला मजा आली, धाकटा अर्ध्या तासात कंटाळला, त्याला ते दगडांचे ढीग वाटले. ऱ्हाइनश्टाइनमध्ये मात्र उचलता पूल, चिलखतं, रंगीत काचा बघून दोघंही घरी येईपर्यंत तेच बोलत होते. किल्ला पुन्हा उभा केल्यामुळे लोक येतात, तिकिटाचे पैसे येतात, त्यातून छप्पर शाबूत राहतं. आपल्याकडे नुसते अवशेष जपायचे म्हणून तट दर पावसाळ्यात ढासळू द्यायचे का? राजगडावर, तोरण्यावर एखादी तरी इमारत पुन्हा छपरासकट उभी राहिली तर काय बिघडेल?

कातळकडा

@बोरू, बिघडेल. मी दहा वर्षं संवर्धनाच्या कामाला रविवारी जातो. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की भिंत दमट होते आणि मूळ दगडच फुटायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाडा कसा होता याचं चित्र नाही, नकाशा नाही, मग उभा करायचा तो कुणाच्या कल्पनेतला? जोतं आहे ते जोतं म्हणून नीट राखा, पाणी निघून जाईल अशी सोय करा, झाडं काढा. गेल्या वर्षी जुलैमध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशात गेले, रायगड, राजगड, साल्हेर, खांदेरीपासून जिंजीपर्यंत. त्यानंतर तर जास्तच जपून हात लावायला हवा.

वाटसरू_माइन्झ

@बोरू, @कातळकडा, या भांडणाला इथेही शंभरावर वर्षं झाली आहेत. १८९९ मध्ये जर्मन किल्ल्यांसाठी संस्था निघाली, तिचे संस्थापक बोडो एबहार्ट स्वतः वास्तुविशारद. पुढच्याच वर्षी त्यांनी मार्क्सबुर्ग संस्थेसाठी घेतला. संस्थेचं मुख्यालय आजही तिथेच आहे. मार्च १९४५ मध्ये पलीकडच्या काठावरून अमेरिकन तोफांचा मारा झाला, तेव्हा छपरं गेली, तीही नंतर दुरुस्त केली. म्हणजे 'कधी न पडलेला' किल्लासुद्धा सतत कुणीतरी हात लावत राहिला म्हणूनच उभा आहे.

बोरू, मुलांबद्दल तुमचं पटलं. माझं वाक्य बदलतो: दहा वर्षांखालची मुलं असतील तर आधी ऱ्हाइनश्टाइन दाखवा, मग ऱ्हाइनफेल्स. आपल्या गडांबद्दल मात्र मी कातळकडांच्या बाजूने आहे. इथे एकाच नदीकाठी श्टोल्त्सेनफेल्सही आहे आणि ऱ्हाइनफेल्सही. दोन्ही बघून झाल्यावर मन कुठे गुंतलं ते मला माहीत आहे.

मायमाउली

माझ्या सासूबाई येणार आहेत मे महिन्यात. गुडघ्यांचा त्रास आहे, पण हौस दांडगी. त्यांना किती झेपेल? गाडी आम्ही चालवत नाही.

वाटसरू_माइन्झ

@मायमाउली, गाडीची गरजच नाही. नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे, डाव्या काठाने माइन्झ ते कोब्लेन्झ, उजव्या काठाने वीसबाडेनहून. आजही माइन्झ-वीसबाडेन सोडलं की कोब्लेन्झपर्यंत एकही पूल नाही, त्यामुळे काठ बदलायचा तर फेरीबोट. तिचं तिकीट वेगळं. दिवसभराचं ऱ्हाइनलांड-फाल्त्स तिकीट पाच जणांपर्यंत काढता येतं, तुम्हाला तेच स्वस्त पडेल. महिना राहणार असतील तर डॉइचलांड तिकीट.

सासूबाईंसाठी माझ्या मते कोब्लेन्झ. 'डॉइचेस एक' नावाच्या संगमावरच्या टोकापासून केबल कार नदीवरून थेट एरेनब्राइटश्टाइनवर नेते, वर सगळं सपाट. खाली मोझेल येऊन ऱ्हाईनला मिळते तो संगम दिसतो. आईला तिथे संगम माहुलीची आठवण आली आणि तिने वरूनच हात जोडले. ऱ्हाइनफेल्सला सांक्ट गोआरहून गाडी करून दरवाज्यापर्यंत जाता येतं, आतल्या वरच्या भागात फिरता येईल, सुरुंगवाटा सोडा. मार्क्सबुर्ग नको, त्या पायऱ्या गुडघ्यांना सोसणार नाहीत. बऱ्याच ठिकाणी सोमवारी बंद असतं आणि हिवाळ्यात तर बहुतेक सगळंच. मे उत्तम.

निशिगंधा

आणि मायमाउली, एक दिवस काढून मोझेलकडच्या बुर्ग एल्त्सला जा. मोझेलकेर्न स्थानकावरून ओढ्याकाठच्या जंगलातून चालत साधारण दीड तास लागतो. सासूबाईंना तेवढं जमणार नाही, पण वरच्या वाहनतळापासून खाली किल्ल्यापर्यंत छोटी बस सोडतात.

मला तो किल्ला आवडतो त्याचं कारण वेगळंच आहे. १२६८ मध्ये तीन भावांत वाटणी झाली, पण किल्ला कुणीच सोडला नाही. एकाच अंगणाभोवती तिघांच्या वंशजांनी आपापली घरं चढवत नेली, म्हणून ते एवढं दाटीवाटीचं, मनोऱ्यावर मनोरा असं दिसतं. शेकडो वर्षं एका दरवाज्यातून ये-जा आणि चुली वेगळ्या! माझं माहेर चौसोपी वाड्यातलं, मधल्या भिंती कुठे कुणी घातल्या ते सांगणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेली मी. त्या अंगणात उभी राहिले आणि गळा दाटून आला. आमच्या वाड्याचा आता चौथराच राहिलाय. तो किल्ला आजही त्याच घराण्यातल्या एका शाखेकडे आहे.

दिंडीदरवाजा

पाण्याबद्दल एक सांगतो. कोरड्या उन्हाळ्यात जाणार असाल तर काउबची पातळी बघून जा. तिथला मापक साऱ्या ऱ्हाईनवरच्या नावाड्यांना पाठ असतो, कारण पात्र तिथे उथळ आहे आणि बोटीत किती माल भरायचा ते त्यावर ठरतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला होता. ती पात्राची खोली नव्हे, मापकावरचा आकडा, पण तेवढ्यानेच मोठ्या बोटी अर्ध्या रिकाम्या न्याव्या लागल्या. मला कोब्लेन्झचा एक जुना नावाडी भेटला होता. तो म्हणाला, किल्ले बघणारे वर बघतात, आम्ही खाली खडक बघतो.

आणि सांक्ट गोआरजवळ पूल बांधायचा वाद बरीच वर्षं चालू आहे. काठावरच्या गावांना दवाखान्याला, शाळेला पलीकडे जायचं तर रात्री फेरी बंद, त्यांचं दुःख खरं आहे. दुसरीकडे एल्बे नदीवरच्या पुलापायी ड्रेस्डेनच्या खोऱ्याचं नाव २००९ मध्ये वारसायादीतून काढून टाकलं, ती धास्तीही आहे.

वाटसरू_माइन्झ

@दिंडीदरवाजा, पुलाबद्दल मी गावकऱ्यांच्या बाजूने विचार करतो. दरडी कोसळून घाट बंद झाल्यावर पलीकडच्या गावाला काय होतं ते आपण सातारकरांनी पाहिलंय. मात्र बांधायचा तर ऱ्हाइनफेल्सच्या तटावरून दिसणार नाही अशा ठिकाणी बांधावा.

धागा काल बाबांना वाचून दाखवला. त्यांना लिहायचंय म्हणाले, टंकायची सवय नाही म्हणून त्यांनी सांगितलं ते मी खाली उतरवतोय.

*"सगळ्यांना नमस्कार. कातळकडा, तुमचं काम मला माहीत आहे, तुमच्यासारखी मुलं आमच्याकडेही येतात. ऱ्हाइनफेल्सच्या मोठ्या तळघरात मी भिंत नीट बघितली. पाटीचे पातळ दगड आडवे रचलेत, मध्ये चुना भरपूर. आपल्याकडे मोठा चिरा बसवतात, तिथे लहान दगड आणि चुन्यावर सगळा भार. चुना अजून इतका कडक आहे की नखाने खरवडत नाही. तुळया बसवायच्या खोबण्या एका रांगेत आहेत, त्यावरून वरचा मजला कुठे होता ते कळलं. चिरंजीवाने फोटो काढलेत, ते मी त्याला इथे लावायला सांगतो. पुढच्या वर्षी आलो तर बोर्नहोफेनच्या वरचे दोन किल्ले बघायचे आहेत, श्टेरेनबेर्ग आणि लीबेनश्टाइन. दोन भावांचे किल्ले आणि मध्ये भांडणाची भिंत म्हणतात. भिंतीची रुंदी मोजायला टेप घेऊन येतो."*

फोटो रविवारी चढवतो.